टाकीतलं पाणी नितळ, मग तळं हिरवं का?

प्रश्न: ताई नमस्कार. आमच्याकडच्या पाच-सहा घरांचं संडास-बाथरूमचं पाणी सेप्टिक टँकमधे जातं आणि टँकमधून बाहेर पडणारं पाणी पाइपने ओढ्यात सोडलंय, ओढा पुढे तळ्याला मिळतो. हे पाणी बऱ्यापैकी नितळ असतं. पण दोन-तीन वर्षांपासून तळं हिरवंगार झालंय आणि हल्ली पहाटे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात, ऊन वर आलं की परत खाली जातात. शेजारचे म्हणतात मैला म्हणजे शेवटी खतच, निसर्ग पचवतो. खरंच पचवतो का? आणि टँकमधे बॅक्टेरियाची पावडर टाकून फरक पडेल का?

उत्तर: पहाटेच्या माशांचं लिहिलंत ते फार बरं केलंत, मला खरी काळजी त्याचीच वाटली.

आधी हिशोब बघा. एक लिटर गोड्या पाण्यात २० अंश सेल्सिअसला जेमतेम ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशाला साडेसातच्या आसपास. आणि घरच्या एक लिटर कच्च्या सांडपाण्यातली घाण खायला जिवाणूंना पाच दिवसांत २०० ते ३०० मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो, यालाच बीओडी म्हणतात. सेप्टिक टँकमधे जड मैला खाली बसतो, तेल-साबणाचा थर वर तरंगतो, मधलं पाणी बाहेर येतं. ते नितळ दिसतं कारण गाळ मागे राहिला, पण विरघळलेलं सगळं तसंच बाहेर आलं, बीओडी अजून शंभराच्या वरच असतो, शिवाय अमोनिया, फॉस्फरस आणि रोगजंतू. त्यामुळे डोळ्यांवर विसंबून चालत नाही.

शेजारी म्हणतात ते अर्धं खरं आहे. वाहतं पाणी हवेतून ऑक्सिजन घेत राहतं, घाण जिथे मिसळते त्याच्या खाली ऑक्सिजन घसरतो आणि बऱ्याच अंतराने परत वर येतो, १९२५ साली ओहायो नदीच्या अभ्यासातून याचं गणितच मांडलं गेलं. पण फॉस्फरस असा पचून नाहीसा होत नाही हो! तो तळ्यात साठतो. १९७३ मधे कॅनडात प्रयोगांसाठी राखलेल्या तळ्यांपैकी २२६ नंबरच्या तळ्यात मधोमध पडदा लावून एका बाजूला कार्बन आणि नायट्रोजन टाकले, दुसऱ्या बाजूला तेच आणि वर फॉस्फरस. फॉस्फरसवाली बाजू हिरवी झाली, दुसरी बदलली नाही. म्हणजे खत आहे हे बरोबरच, पण तळ्यात त्या खतावर पीक येतं ते शेवाळाचं.

आता तुमचे मासे. दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडतं, रात्री उजेड नसतो तेव्हा तेच शेवाळ, मासे, जिवाणू सगळे मिळून तो वापरतात आणि सूर्योदयाच्या जरा आधी तो सगळ्यात कमी होतो. ४-५ मिलिग्रॅमच्या खाली गेला की बऱ्याच माशांना त्रास व्हायला लागतो, म्हणून ते वरच्या पातळ थरातला ऑक्सिजन घ्यायला येतात. सलग ढगाळ दिवस आले किंवा शेवाळ एकदम मरून कुजलं तर एका रात्रीत मासे मरू शकतात. हिरव्या साईसारखा थर आला तर ते पाणी जनावरांना पाजू नका, काही निळं-हिरवं शेवाळ विष सोडतं आणि ते उकळून जात नाही.

पावडरचं थोडक्यात सांगते, टँकमधे जिवाणू आधीच भरपूर असतात, पावडरीने ना गाळ उपसायचा टळतो ना फॉस्फरस जातो.

करायचं काय तर पाइप ओढ्यातून काढा. टँकचं पाणी शोषखड्ड्यात किंवा छिद्रांच्या पाइपांनी जमिनीत मुरवायचं असतं, खरी सफाई मातीच करते, जंतू गाळते आणि फॉस्फरस बराचसा धरून ठेवते. अमोनियाचं मातीत नायट्रेट होतं, ते मात्र पाण्याबरोबर खाली उतरतं म्हणून विहिरीजवळ नको, आणि भूजल अगदी वर असेल तर ही पद्धत चालतच नाही, मग सगळ्या घरांनी मिळून छोटं शुद्धीकरण केंद्र केलेलं बरं. गाळ साधारण तीन ते पाच वर्षांनी उपसा, तोही ओढ्यात टाकू देऊ नका प्लीज. कपड्यांची पावडर फॉस्फेट नसलेली घ्या.

धीर मात्र धरावा लागेल, तळाच्या गाळातला फॉस्फरस काही वर्षं वर येतच राहतो. पण सिएटलजवळच्या लेक वॉशिंग्टनचं असंच झालं होतं, तिथे तर प्रक्रिया केलेलं सांडपाणी जायचं तरी शेवाळ माजलं. १९६३ ते १९६८ मधे ते पाणी टप्प्याटप्प्याने दुसरीकडे वळवलं आणि सत्तरच्या दशकात तळं पुन्हा नितळ झालं.

ऑक्सिजन मोजायचं किट मिळालं तर सूर्योदयाआधी मोजा, दुपारी शेवाळामुळे आकडा उगाच चांगला येतो.