तिबिलिसीच्या हमामात आई-वडिलांना घेऊन जावं का?

तुमचा प्रश्न असा की जॉर्जियाला आई-वडील बरोबर आहेत, तिबिलिसीच्या गंधकाच्या हमामात म्हणे सगळ्यांसमोर कपडे काढावे लागतात, मग त्या वाटेला जावं की नाही.

जरूर जा. खासगी खोली घेतलीत की हा प्रश्न उरतच नाही. भाडं तासावर आणि खोलीमागे असतं, माणशी नव्हे, त्यामुळे घरचे चौघं मिळून गेलात तर फार अंगावर येत नाही. दार आतून लावून घ्यायचं. आत गरम पाण्याचा हौद आणि निजायला दगडी ओटा. पोहण्याचे कपडे घालून बसलात तरी कोणी बघायला येत नाही. उघड्यावर आंघोळ असते ती पाच नंबरच्या हमामासारख्या सार्वजनिक विभागात, आणि तिथेही बायका-पुरुषांची सोय वेगळी. (पूर्वी मुलाची आई भावी सुनेला हमामात पारखून घ्यायची, असं तिथे सांगतात. आपले कांदेपोहे परवडले.)

या भागाचं नाव आबानोतुबानी. वर नारिकाला किल्ला, खाली रस्त्याच्या पातळीला विटांचे बुटके घुमट. हमाम जमिनीखाली आहेत आणि वाफ घुमटाच्या माथ्यावरच्या झरोक्यातून बाहेर पडते. पाचव्या शतकात राजा वाख्तांग गोर्गासालीचा ससाणा शिकारीसह गरम झऱ्यात पडला आणि राजाने इथे शहर वसवलं, ही दंतकथा तुम्हाला प्रत्येक गाइड ऐकवेल. 1795 मध्ये इराणच्या आगा मोहम्मद खानाने शहर जाळलं, त्यानंतर बरंच काही नव्याने उभं राहिलं. निळ्या टाइल्सचा दर्शनी भाग असलेला ओर्बेलियानी हमाम सगळ्यांच्या फोटोत असतो. 1829 साली रशियन कवी पुश्किन तिबिलिसीत न्हाला आणि इतकं ऐषारामी स्नान रशियात किंवा तुर्कस्तानात कुठेच मिळालं नाही, असं त्याने लिहून ठेवलं. पण निव्वळ त्या निळाईसाठी जास्त पैसे मोजू नका. पाणी सगळीकडे त्याच टेकडीखालचं.

पैसे घालवायचेच तर कीसावर घालवा. कीसा म्हणजे खरखरीत हातमोजा. आधी पंधरा-वीस मिनिटं गरम पाण्यात मुरायचं, मग ओट्यावर आडवं व्हायचं. घासणाऱ्या बाई काही न बोलता खांद्यापासून घोट्यापर्यंत घासत सुटतात आणि मळाच्या काळ्या वळकट्या डोळ्यांदेखत गळून पडतात. रोज साबण लावून आंघोळ करणाऱ्या माझ्या सासूबाईंचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा झाला होता! शेवटी कापडी पिशवीत हवा भरून फेस करतात आणि ती पिळून सगळा फेस अंगावर सोडतात. बायकांना बाई आणि पुरुषांना पुरुष घासतो. आईंसाठी बाई हवी, हे बुकिंग करतानाच सांगा.

दागिने मात्र हॉटेलवरच ठेवा, विशेषतः चांदीचे. पाण्यात हायड्रोजन सल्फाइड असतं, त्याने चांदीवर काळा थर चढतो. सासूबाईंची जोडवी आमच्यासमोर काळवंडली, नंतर टूथपेस्टने घासून पूर्ववत झाली. उकडलेल्या अंड्याचा वास सुरुवातीला नाकात बसतो, थोड्या वेळाने जाणवेनासा होतो.

पाणी साधारण चाळीस अंशांचं असतं. वडिलांना बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर निघण्याआधीच डॉक्टरांना विचारा. नुसतं हौदाबाहेर बसून वाफ घेतली तरी चालेल. भरल्या पोटी जाऊ नका, पाण्याची बाटली जवळ ठेवा आणि हौदातून उठताना त्यांचा हात धरा, फरशी बुळबुळीत असते.

शनिवार-रविवारी संध्याकाळी खोल्या मिळत नाहीत, तेव्हा आठवड्यातली सकाळ बरी. आणि किल्ला आधी उरकून घ्या. रिके पार्कातून रोपवेने वर जा, पायऱ्यांनी खाली उतरा, मग हमाम. उलट क्रम केलात तर आंघोळीनंतर दोघंही किल्ल्याला साफ नकार देतील.