कोबा चवथीपूर्वी होईल, विनाइलला मात्र हिवाळ्यापर्यंत थांबा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: गोव्यात डिचोलीजवळच्या जुन्या चिऱ्यांच्या (जांभ्या दगडाच्या) घरातली मागची १० बाय १२ फुटांची खोली, जमीन शेणाने सारवलेली. ती काढून स्वतः कोबा, म्हणजे सिमेंट-रेतीची जमीन, घालायचा, वर विनाइलचा (प्लास्टिकच्या फरशीचा) रोल चिकटवायचा आणि सगळं चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आत उरकायचं. जुलै लागलाय, म्हणजे हातात जेमतेम दोन महिने.

कोबा घरच्या घरी नक्की होतो. आमच्या घरातल्या तीन खोल्या आणि पडवी मी अशाच केल्या. पण चवथीपूर्वी विनाइल चिकटवू नका, हे आधीच निक्षून सांगतो. कोबा चांगल्या वाऱ्यात, कोरड्या हवेत दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाळतो. म्हणजे ५० मिलिमीटरला ५० दिवस, आणि तेही पाणी मारणं बंद केल्यानंतर मोजायचे. आपल्याकडे जुलै-ऑगस्टात भिंतीवर टांगलेल्या कपड्यांना बुरशी धरते, तिथे कोबा काय वाळणार! वर विनाइल आलं की आतली ओल अडकते, गोंद सुटतो, फुगे येतात, वास मारू लागतो. आमच्या पहिल्या खोलीत नेमकं हेच झालं आणि पूर्ण रोल फेकावा लागला. चवथीला पाहुणे नुसत्या कोब्यावर चटई टाकून बसतील.

आता कामाकडे. शेणामातीचा थर पूर्ण काढा, थोडाही ठेवू नका, तो कुजतो आणि खाली बसतो. मात्र खणताना भिंतीच्या पायाच्या चिऱ्याखाली जाऊ नका. जुन्या घरांचे पाये उथळ असतात, चिरे मातीत किंवा चुन्यात बसवलेले असतात. पायाचा तळ लागला असं वाटलं की थांबा. मग जांभ्याचे तुकडे आणि खडी भरून धुम्मसने (ठोकायच्या जड ठोकळ्याने) ठोका, वाळवीचं औषध मारून घ्या, त्यावर ३ ते ४ इंचांचं १:४:८ चं पीसीसी, म्हणजे एक भाग सिमेंट, चार रेती, आठ खडी असं साधं काँक्रीट. पीसीसीसाठी दोन माणसं लावाच, ते एकट्याचं काम नाही.

पीसीसी घट्ट झाल्यावर २५० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद अंथरा. जोडाला किमान ६ इंच एकावर एक आणि वर टेप, भिंतीला कोब्याच्या उंचीइतका वर चढवलेला. पावसाळ्यात आपल्याकडे जमिनीतलं पाणी वर येतं आणि जांभा ते शोषून घेतो, म्हणून हा कागद वगळू नका. त्याचा एक परिणामही ध्यानात ठेवा: जमिनीतून वर येणारी जी ओल आजवर शेणाच्या जमिनीतून उडून जायची, ती आता भिंतीकडे वळते. त्या खोलीच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा किंवा ऑइल पेंट देऊ नका. चुन्याचा गिलावा असेल तर तसाच राहू द्या, त्यातून भिंत वाळत राहते.

कागदावरचा कोबा खालच्या पीसीसीला चिकटत नाही, म्हणून तो कुठेही ५० मिलिमीटरपेक्षा पातळ नको. तुमच्या खोलीचा हिशेब असा: १२० चौरस फूट, २ इंच जाडी, प्रमाण १:४ (एक भाग सिमेंट, चार रेती), म्हणजे सिमेंटची साडेचार पोती आणि साधारण २१ घनफूट रेती. पाच पोती आणा. पावसाळ्यात पोत्यावरची तारीख बघून ताजंच घ्या, फळीवर रचा आणि भिंतीपासून लांब ठेवा. खडे झालेलं पोतं चाळून वापरायचा मोह टाळा.

रेतीबद्दल दोन गोष्टी. किनाऱ्यावरची खारी रेती कुणी फुकट दिली तरी नको, मीठ ओल ओढत राहतं आणि वर पांढरं फुटतं. नदीची मिळाली नाही तर चाळलेली क्रशरची रेती चालते. दुसरं म्हणजे ओलसर रेती फुगते. घमेल्याने मोजाल तर प्रत्यक्षात रेती कमी पडते, सिमेंट जास्त होतं आणि कोबा आकसून तडकतो. एका सरळ बरणीत ओलसर रेती भरून उंची मोजा, मग पाणी ओतून ढवळा आणि बसू द्या. जेवढी खाली बसली तेवढी फूग. एक पंचमांश बसली तर चारऐवजी पाच घमेली घाला.

बहुतेक कोबे बिघडतात ते पाण्यानेच. सैल माल पसरायला सोपा जातो, थापी आपोआप फिरते, म्हणून पाणी वाढतच जातं. पुढे तेच पाणी उडून जाताना भेगा पाडतं आणि वरचा थर भुकटीसारखा निघतो. मालाचा मुठीत गोळा वळा. मूठ उघडल्यावर गोळा टिकला पाहिजे, तळवा ओला झाला पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये. ओल्या रेतीत आधीच पाणी असतं, म्हणून बादलीचं माप न धरता दर वेळी मुठीवर ठरवा. एका वेळी अर्धं पोतंच कालवा आणि तासाभरात संपवा. सुकू लागलेल्या मालात पाणी घालून तो पुन्हा जिवंत होत नाही.

घालण्याआधी पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने पाणसळ घ्या. नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. चारही भिंतींवर जमिनीपासून एक मीटरच्या सुमारास एकच समपातळ रेघ मारा आणि सगळी मापं तिथूनच खाली घ्या. दाराचा उंबरठा आधी बघा, नाहीतर दार उघडणार नाही. भिंतीलगत थर्माकोलची पातळ पट्टी लावा. खोलीचे साधारण चार-चार फुटांचे पट्टे करा. त्याच मालाचे ठिय्ये (उंची दाखवणारे छोटे ढीग) रेघेवरून मोजून बसवा, मध्ये माल भरा, अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीने करवतीसारखं ओढत दाराकडे मागे मागे या.

माल दोन थरांत भरा. पहिला दीड इंचाचा थर टाकून धुम्मसने दाबा आणि तो ओला असतानाच दुसरा टाका. एकदम दोन इंच ओतून नुसतं वरून घासलं तर वर दगडासारखा आणि खाली भुसभुशीत कोबा तयार होतो. हा दोष दिसत नाही, कपाटाचा पाय टेकला की कळतो. मग लाकडी रंधा, आणि वरचं पाणी ओसरल्यावर लोखंडी थापी. गवंडी शेवटी वर कोरडं सिमेंट भुरभुरतात ना, ते तुम्ही करू नका. आकर्षक गुळगुळीत दिसतं, पण तो पापुद्रा वेगळा आकसतो, जाळीसारखा तडकतो आणि विनाइलचा गोंद त्यासकट उचलला जातो.

हे सगळं हातमोजे आणि गमबूट घालूनच करा. गुडघ्याखाली फळी घ्या. ओलं सिमेंट कातडी जाळतं आणि जळताना लगेच दुखत नाही. ओल्या पँटमध्ये दोन तास गुडघ्यावर बसून झालेली जखम मी एका शेजाऱ्याच्या पायावर पाहिली आहे, भरायला दीड महिना लागला.

दुसऱ्या दिवसापासून पाणी. दुकानात बहुतेक पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट मिळतं, त्याला १० दिवस हवेत. खोलीत आळं करून पाणी तुंबवू नका, डास होतात आणि पावसाळ्यात डेंग्यूची भीती खरी असते. गोणपाट अंथरून सकाळ-संध्याकाळ भिजवा, वर प्लास्टिक झाका. कोब्यावर तीन दिवस कुणी चालू नये, कपाट महिनाभर नको.

चवथ झाली की खिडक्या उघड्या ठेवा, पंखा चालू ठेवा, बाकी काही करू नका. डिसेंबरात दोन फूट चौरस प्लास्टिकचे तुकडे तीन ठिकाणी, त्यातला एक मागच्या भिंतीलगत, चारही कडांना टेप लावून चिकटवा आणि दिवसभर राहू द्या. उचलल्यावर आत थेंब दिसले किंवा कोबा गडद झाला असेल तर पंधरा दिवसांनी पुन्हा लावून बघा. तिन्ही जागा कोरड्या निघाल्या की मगच विनाइलचं दुकान गाठा.