अमेरिकेत राहून जीमेलच्या खात्यावर फोन कॉल घेता येतात का?

हो, येतात. त्यासाठी गूगल व्हॉइसचा, म्हणजे गूगलच्या इंटरनेटवरून चालणाऱ्या फोनसेवेचा, नंबर लागतो. जीमेलमधून फोन लावायची सोय ऑगस्ट 2010 मध्ये अमेरिकेत सुरू झाली. तेव्हापासून व्हॉइसचा नंबर असेल तर येणारे कॉलही संगणकावर घेता येतात. वैयक्तिक खात्याला हा नंबर फुकट मिळतो, पण तुम्ही अमेरिकेत असायला हवं आणि पडताळणीसाठी तिथला एक चालू फोन नंबर हवा. भारतात बसून तो घेता येत नाही.

बहुतेकांचं घोडं अडतं ते एकाच जागी: नंबर मिळतो, पण संगणकावर रिंगच वाजत नाही. व्हॉइसच्या सेटिंग्जमध्ये कॉलच्या भागात जा आणि येणारे कॉल वेबवर घेण्याचं बटण चालू आहे ना ते बघा. मग ब्राउझरला मायक्रोफोनची आणि नोटिफिकेशनची परवानगी द्या. व्हॉइसचा टॅब उघडा ठेवा. हेडफोन लावाच, नाहीतर समोरच्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो. कॉल चुकला तर व्हॉइसमेलचा मजकूर ईमेलनेही मागवता येतो, मीटिंगमध्ये असताना फार उपयोगी.

मात्र घरच्यांना आधीच सांगून ठेवा: पुण्याहून आईने या नंबरवर साधा फोन लावला, तर तिला आंतरराष्ट्रीय दर पडतो. तिच्यासाठी व्हॉट्सॲपच बरं. आणि एक अगदी महत्त्वाचं: वैयक्तिक खात्यावरून 911, म्हणजे अमेरिकेतला आणीबाणीचा नंबर, लागत नाही. घरात लहान मुलं किंवा म्हातारी माणसं असतील तर साधा मोबाइल चालू ठेवाच.