७ आणि साडेचार वर्षांच्या मुलांसाठी कोणता गेम कन्सोल घ्यावा? त्यावर कोणते गेम्स द्यावेत?

तुम्ही लिहिलंय की मुलगी सात वर्षांची, मुलगा साडेचारचा, मोबाइलवरून घरात रोज रडारड, बजेट पस्तीस हजार. आणि मिस्टरांचं म्हणणं असं की घ्यायचाच तर प्लेस्टेशन ५ घेऊ, मुलं मोठी झाली तरी चालेल.

आधी मिस्टरांबद्दल. ते मुलांसाठी म्हणत नाहीयेत, स्वतःसाठी म्हणतायत. छातीठोकपणे सांगतो, कारण काही वर्षांपूर्वी मीही बायकोला अगदी हेच ऐकवलं होतं. पीएस-५ घरी आला, मुलं झोपली की मी रात्री एक वाजेपर्यंत खेळायचो. मुलगी तेव्हा पाचची होती. तिच्या हातात तो कंट्रोलर म्हणजे पोळपाट धरल्यासारखा दिसायचा. बोटं मागच्या बटणांपर्यंत पोचायचीच नाहीत. ती दहा मिनिटं खेळायची, मग माझ्या हातात देऊन म्हणायची, "बाबा, तूच खेळ, मी बघते." म्हणजे मोबाइल गेला आणि त्याच्या जागी मोठा मोबाइल आला.

माझं उत्तर निन्टेन्डो या जपानी कंपनीचा स्विच. नवा स्विच २ नाही, २०१७ सालचा जुनाच, आणि त्यातही टीव्हीला जोडता येणारा.

कारण सांगायला थोडं मागे जातो. तुम्ही माझ्या वयाच्या असाल तर कॅसेटचा व्हिडिओ गेम आठवत असेल. कॅसेट लागली नाही की काढून फुंकर मारायची, पुन्हा खोचायची. १९८३ मध्ये जपानात निघालेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉमच्या त्या नकला होत्या, हे मला फार उशिरा कळलं. आमच्याकडे तो डबा मे महिन्यात मामाकडून यायचा आणि आम्ही सहा-सात भावंडं त्याच्याभोवती कोंडाळं करून बसायचो. त्यात खरी गंमत होती ती दुसऱ्या वायरीची. दोन कंट्रोलर होते, म्हणून काँट्रा हा गेम दोघांनी खेळता यायचा, म्हणून भांडणं व्हायची, समेट व्हायचे. धबधब्याची स्टेज आठवते? एक जण भराभरा उड्या मारत वर गेला की पडदा वर सरकायचा आणि खाली राहिलेला मरायचा. माझा मोठा आतेभाऊ हे मुद्दाम करायचा.

तर लहान मुलांसाठी कन्सोल घेताना मी पहिला प्रश्न हा विचारतो: डबा उघडल्याबरोबर किती जण शेजारी बसून एकदम खेळू शकतील? स्विचच्या दोन बाजूंना असलेले जॉयकॉन काढून आडवे धरले की दोन छोटे, स्वतंत्र कंट्रोलर होतात. तुमच्या-माझ्या हाताला ते चिमुकले वाटतात, अंगठे आखडतात. पण साडेचार वर्षांच्या हाताला तेच माप बरोबर आहे. पीएस-५ आणि मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स यांच्या डब्यात कंट्रोलर एकच येतो, दुसऱ्याला वेगळे पाच-सहा हजार मोजावे लागतात. तुमच्या घरात दोन मुलं आहेत आणि कंट्रोलर एक, तर भांडणाचा विषय फक्त मोबाइलवरून कंट्रोलरवर जाईल.

स्विच लाइट मात्र घेऊ नका. दुकानदार तो हमखास पुढे करतो, कारण स्वस्त आहे आणि रंग गोड आहेत. तो टीव्हीला जोडता येत नाही, त्याची बटणं अंगालाच चिकटलेली आहेत. साडेपाच इंचाचा पडदा, एकच मूल, खाली घातलेली मान. आणि हेच तर तुम्हाला मोडायचं आहे. साधा स्विचही स्टँडवरून उचलून हातात घेऊन खेळता येतो, पण आमच्याकडे तो टीव्हीखालच्या स्टँडमधून हलवायचा नाही असा दंडक आहे. स्विचच्याच महागड्या ओएलईडी मॉडेलचे जादा पैसे मुख्यतः त्याच्या स्वतःच्या सात इंची पडद्याचे असतात. टीव्हीवरच खेळायचं असेल तर ते पैसे गेम्सना ठेवा. ऑनलाइन दोन-तीन हजारांत 'दहा हजार गेम्स'वाली स्टिक मिळते ती म्हणजे आपल्या कॅसेटवाल्या डब्याची नात. दाबल्यावर उडी उशिरा बसते आणि त्या दहा हजारांत मुलांच्या हाती काय लागेल ते कोणी तपासलेलं नसतं.

आता खरेदीची भानगड. निन्टेन्डो कंपनी भारतात स्विच अधिकृतपणे विकत नाही. मिळतो तो बाहेरून आलेला माल: मुंबईत हाजीअलीचं हिरापन्ना, लॅमिंग्टन रोड, किंवा ऑनलाइन. त्यामुळे वॉरंटी म्हणजे दुकानदाराचा शब्द. दोन-तीन ठिकाणी भाव काढा, पक्कं बिल घ्या आणि तिथेच चालू करून दोन्ही जॉयकॉनच्या स्टिक, म्हणजे अंगठ्याने फिरवायच्या दांड्या, फिरवून बघा. या स्टिक वापरून झिजतात, मग हात लावला नाही तरी गाडी एका बाजूला जायला लागते. जुन्या बाजारातून घेणार असाल तर हे आधी तपासा. चार्जरची पिन आपल्या सॉकेटला बसली नाही तर घाबरू नका. तो १०० ते २४० व्होल्टवर चालतो, वर एक साधा कन्व्हर्टर लावला की झालं.

जुन्या स्विचला देशाचं बंधन नाही. जपानची कॅसेट दुबईच्या डब्यात चालते, आणि भाषा सेटिंगमधून इंग्रजी करता येते. नव्या स्विच २ मध्ये मात्र एक खड्डा आहे. जपानमध्ये त्याची एक स्वस्त आवृत्ती विकतात, ती फक्त जपानी भाषेत आणि फक्त जपानी अकाउंटवर चालते. तिकडून कोणी आणणार असेल तर आधी हे सांगा.

गेम शक्यतो कॅसेट स्वरूपातच घ्या. मुलं कंटाळली की विकता येते, शेजारच्यांशी बदलता येते. एवढीशी असते, बोटाच्या पेरापेक्षा जराशी मोठी, त्यामुळे धाकटा तोंडात घालेल ही भीती तुम्हाला वाटणारच. त्यासाठी कंपनीने तिला डिनाटोनियम बेंझोएट नावाच्या भयंकर कडू रसायनाचा लेप दिलेला असतो. मी जीभ लावून पाहिलीय. कारल्याचा रस बरा. चूळ भरूनही अर्धा तास चव जात नव्हती आणि बायको हसत होती.

आता गेम्स. इथे बहुतेक आईवडील डब्यावरचा वयाचा आकडा बघतात आणि फसतात. आपल्याकडच्या डब्यांवर बहुधा युरोपचा पेगीचा शिक्का असतो: ३, ७, १२, १६, १८. हा आकडा फक्त एवढंच सांगतो की आत मारामारी, शिवीगाळ, भीतीदायक असं किती आहे. मुलाला तो खेळता येईल का, हे तो सांगत नाही. फुटबॉलच्या गेमवर ३ लिहिलेलं असतं, पण तीन वर्षांचं सोडा, माझी बायकोसुद्धा तो कंट्रोलर पाच मिनिटांत ठेवून देते. शिवाय त्याच गेममध्ये खरे पैसे देऊन खेळाडूंची बंद पाकिटं फोडायची सोय असते. तो एक प्रकारे लॉटरीचाच नाद. १६-१८ दिसलं की खाली ठेवा, एवढ्यापुरताच तो शिक्का वापरा.

दुसरी फसगत वाचनाची. पोकेमॉन मुलांनी हिंदीत टीव्हीवर पाहिलेला असतो, म्हणून आपण हौसेने तो गेम आणतो. त्यात पात्रं बोलत नाहीत, सगळं पडद्यावर लिहून येतं, तेही इंग्रजीत, पानंच्या पानं. मराठी तर यातल्या कुठल्याच गेममध्ये नाही. तुमची मुलगी मराठी शाळेत असो वा इंग्रजी, सातव्या वर्षी तिला ते झेपणार नाही आणि दर मिनिटाला तुम्हाला हाक येईल. ॲनिमल क्रॉसिंगचंही तेच. गेम अतिशय शांत आणि सुंदर आहे, पण दोन वर्षं थांबा.

म्हणून सुरुवात मारिओ कार्ट ८ डिलक्स या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमने करा. त्यात गाडी निवडताना दोन सोयी चालू करता येतात. एकीने गाडी आपोआप पळते, दुसरीने ती रस्त्याबाहेर पडत नाही. ही दुसरी सोय चालू असली की गाडीच्या मागे छोटा अँटेना दिसतो. धाकट्याने फक्त डावं-उजवं करायचं. मुलीच्या गाडीला या सोयी बंद ठेवा, तिला थोड्याच दिवसांत अभिमान वाटेल. चार जण एका टीव्हीवर खेळू शकतात, म्हणजे तुम्ही दोघंही. फक्त जादा जॉयकॉनची जोडी लागेल, ती दिवाळीला घ्या.

दुसरा कर्बी अँड द फरगॉटन लँड, २०२२ चा. गुलाबी गोळा दिसेल ते गिळतो, पहिल्याच पातळीत अख्खी मोटारगाडी तोंडात कोंबतो. मुलं त्यावर लोळून हसतात. दोघांनी मिळून खेळायचा, सोपा मोड आहे, आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे मागे राहिलेला मरत नाही, आपोआप पुढच्यापाशी येऊन पोचतो. आतेभावाला हा गेम दाखवला तेव्हा तो म्हणाला, "मग मजा काय?"

तिसरा, पण सहा महिन्यांनी, सुपर मारिओ ब्रदर्स वंडर. त्यात योशी आणि नॅबिट ही पात्रं घेतली तर शत्रूचा मार लागत नाही, फक्त खड्डे सांभाळायचे. आणि योशी दुसऱ्याला पाठीवर घेऊ शकतो. आमचा मुलगा योशी होऊन ताईला पाठुंगळी घेऊन पळतो. एरवी ती त्याच्यावर दादागिरी करते, त्यामुळे याचं त्याला कोण अप्रूप.

स्विच स्पोर्ट्स या गेममधलं बोलिंग आजी-आजोबांसाठी. माझी आई अडुसष्टची, टीव्हीला हात लावायला घाबरणारी, ती आता "माझी पाळी कधी?" म्हणून विचारते. एकाच वेळी तीन-चार गेम्स मात्र आणू नका. मग एकही धड खेळला जात नाही.

रोब्लॉक्स, फोर्टनाइट या ऑनलाइन गेम्सचा हट्ट शाळेतून येईल. फुकट असतात, पण त्यात अनोळखी लोक असतात आणि खर्चाची दारं असतात. २०२२ च्या डिसेंबरमध्ये ग्राहकांचं हित बघणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने फोर्टनाइटच्या कंपनीला एकूण ५२ कोटी डॉलर्स भरायला लावले. त्यातले साडेचोवीस कोटी फसव्या बटणांमुळे नकळत खरेदी झालेल्या ग्राहकांना परत देण्यासाठी होते. मोबाइलवरच्या एका गेममध्ये आमचेही अठराशे रुपये असेच उडाले होते. तेव्हापासून माझा एकच नियम आहे: मुलांच्या कुठल्याही यंत्रात कार्डाचा नंबर भरायचा नाही.

वेळेबद्दल. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं असं की दोन ते पाच वयाला सगळे पडदे मिळून दिवसाला एक तासाच्या आत आणि पाच ते दहाला दोन तासांच्या आत. यात टीव्हीही आला, म्हणून गेमला आमच्याकडे अर्धा तास. निन्टेन्डोचं पालकांसाठी मोबाइल ॲप आहे, त्यात मर्यादा लावली की वेळ संपल्यावर गेम बंदही करता येतो. मी ते सुरुवातीला लावलं आणि रेस अर्ध्यावर असताना पडदा बंद झाला. त्या दिवशीचा आकांत मी विसरणार नाही. आता मिनिटं मोजतच नाही. मारिओ कार्टचा एक कप म्हणजे चार रेस, साधारण दहा-बारा मिनिटं. "आज दोन कप" म्हटलं की मुलांना शेवट कळतो, तो गेमनेच आलेला असतो, बक्षीसही मिळतं, आणि कंट्रोलर खाली ठेवणं सोपं जातं. ॲप मागे नुसती सूचना द्यायला ठेवलंय.

मिस्टर तरीही अडून बसले, तर पीएस-५ वरही मुलांचं चांगलं आहे, पण बजेट वाढवावं लागेल. ॲस्ट्रोज् प्लेरूम त्यात फुकट येतो आणि अप्रतिम आहे. २०२४ चा ॲस्ट्रो बॉट त्याहून सरस. पण दोन्ही एकट्याने खेळायचे, म्हणजे पाळ्या लावा. दोघांसाठी सॅकबॉय हा गेम घ्या आणि दुसरा कंट्रोलर पहिल्याच दिवशी घ्या. एक्सबॉक्स सिरीज एसवर महिन्याच्या वर्गणीत ढीगभर गेम्स आहेत, पण त्यात डिस्क घालता येत नाही, सगळं डाउनलोड करायचं. जुना गेम विकणं-बदलणं विसरा.

शेवटी एक काम. स्विचच्या डब्यात दोन मनगटी दोऱ्या असतात, त्या दुकानातच बघून घ्या आणि बोलिंग खेळताना प्रत्येकाच्या हातात बांधा. आमच्या टीव्हीच्या कोपऱ्यात आडवी रेघ आहे, ती मी दोरी न बांधल्याची. दोरीच्या टोकाला कंट्रोलरवर सरकवायची पट्टी असते, तिच्यावर अधिक किंवा उण्याची खूण असते, ती कंट्रोलरवरच्या खुणेशी जुळवूनच सरकवा. उलटी घातली की अशी अडकते की काढताना नखं तुटतात. हे तुम्हीच करा, मुलांना करायला देऊ नका.