‘त्यांना ताप आहे’ हे इंग्रजीत सांगताना

तू विचारलंस, "ताई, ओईटी ही आरोग्यसेवेतल्यांसाठीची इंग्रजीची परीक्षा पास झाले, रायटिंगला सी प्लस मिळाला. पण बोलताना ‘ही’ आणि ‘शी’ची अजूनही अदलाबदल होते, कॉमा नि ॲपोस्ट्रॉफी अंदाजाने देते. तीन महिन्यांनी इंग्लंडात यॉर्कशरला नर्स म्हणून वॉर्डात रुजू व्हायचंय. तिथे या गोष्टींनी खरंच काही अडतं का?"

अडतं. पण सगळ्यानेच सारखं अडत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी मिरजेत चार वर्षं काम करून इकडे आले, त्याला आता अकरा वर्षं झाली. वॉर्ड वयस्कर पेशंटचा.

‘ही-शी’चं आधी. तुझं व्याकरण कच्चं आहे म्हणून हे होत नाही. "सहा नंबरच्या आजींना ताप आहे, त्यांना पाणी दिलं, त्यांनी जेवण नाकारलं." या वाक्यात आजींच्या जागी आजोबा घाल, एकही सर्वनाम बदलत नाही. मराठीत मान दिला की ‘त्याला’ आणि ‘तिला’ दोन्ही ‘त्यांना’त विरघळतात. डोक्यात ‘त्यांना’ तयार असतं आणि बाई की पुरुष हे तोंडाला ऐनवेळी ठरवावं लागतं. लहान मुलांच्या वॉर्डात तू हीच चूक किती वेळा करतेस ते आठवून बघ. तिथे आपण ‘त्याला’ किंवा ‘तिला’च म्हणतो, म्हणून चूक कमी होते. मी उपाय केला तो असा: हँडओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीला पेशंटची माहिती देणं, सुरू करताना पेशंटचं नाव मिस्टर किंवा मिसेस लावून स्पष्ट घ्यायचं आणि मनातल्या मनात आजोबांना ‘त्याला’, आजींना ‘तिला’ म्हणायचं. सुरुवातीला फार अवघड वाटतं, आपल्यावर तसे संस्कारच नाहीत. पण ते मनातच राहतं आणि महिन्याभरात जीभ वळते.

यापेक्षा मोठा धोका वेगळा आहे. पहिल्या हिवाळ्यात मी नोंद लिहिली: ‘ग्रँडडॉटर स्पोक टू द सोशल वर्कर. शी विल कम ॲट फोर.’ मला म्हणायचं होतं, सोशल वर्कर येणार. संध्याकाळच्या नर्सने वाचलं, नात येणार, आणि आजींना तसं सांगितलं. आजींनी केस विंचरून घेतले, चांगलं कार्डिगन घातलं आणि सहा वाजेपर्यंत दाराकडे बघत बसल्या. ते कार्डिगन मी अजून विसरलेले नाही. मराठीत ही चूक माझ्या हातून झालीच नसती. नात असती तर ‘ती येईल’, सोशल वर्कर असत्या तर ‘त्या येतील’. आपला मानच कोण ते सांगून जातो. इंग्रजीतली ‘शी’ दोघींनाही सारखीच लागते. म्हणून वाक्यात एकाच लिंगाची दोन माणसं आली की सर्वनाम टाळ, नाव किंवा नातं पुन्हा लिही. शाळेत निबंधात तोच शब्द परत आला की बाई लाल खूण करायच्या. नर्सिंग नोट्समध्ये तोच शब्द परत येणं बरोबर आहे. एनएमसी, म्हणजे इथली नर्सची नोंदणी करणारी संस्था, तिच्या कोडमध्ये नोंद स्पष्ट हवी, तारीख-वेळेसह हवी आणि ती कोणी केली हे कळायला हवं, असं लिहिलेलंच आहे.

‘वुई’चंही तसंच. आपल्याकडे ‘आपण’ आणि ‘आम्ही’ वेगळे आहेत, यांच्याकडे दोन्हींना एकच शब्द. नातेवाइकांना ‘वुई नीड टू डिसाइड’ म्हटलंस तर त्यांना कळत नाही, ठरवायचं डॉक्टरांनी की घरच्यांनी. तेव्हा ‘द डॉक्टर्स’ किंवा ‘यू अँड युअर ब्रदर’ असं उघड म्हण.

मग ‘तुम्ही’ कुठे गेलं, असा प्रश्न तुला पडेलच. "हात द्या" यातला मान ‘द्या’मध्ये आहे. त्याचं सरळ ‘गिव्ह मी युअर हँड’ केलंस की मान गळून जातो आणि नुसता हुकूम उरतो. आपल्या मुली इथे उद्धट वाटतात त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण मनात आदर भरलेला असतो. ‘कुड यू गिव्ह मी युअर हँड, प्लीज?’ हेच इथलं "हात द्या". ‘सर’, ‘मॅडम’ची गरज नाही. पेशंटला पहिल्या दिवशीच विचार, तुम्हाला काय म्हणून हाक मारू? कोणी मिसेस म्हणायला सांगेल, कोणी नुसतं नाव घ्यायला. आणि हो, ‘सिस्टर’ ही इथे वॉर्डातल्या वरिष्ठ नर्सची हुद्द्याची ओळख आहे. सगळ्याच नर्सना सिस्टर म्हणू नकोस.

स्वतःची ओळख करून देताना ‘मायसेल्फ’ने सुरुवात करायची आपली सवय मात्र मुंबई विमानतळावरच सोड. या यॉर्कशरमध्येच केट ग्रेंजर नावाच्या डॉक्टर होत्या. कॅन्सरमुळे स्वतः पेशंट म्हणून दाखल असताना त्यांच्या लक्षात आलं की येणारे-जाणारे कर्मचारी आपलं नावसुद्धा सांगत नाहीत. त्यातून 2013 साली त्यांनी ‘हॅलो, माय नेम इज’ ही मोहीम सुरू केली. 2016 मध्ये त्या गेल्या, पण ते तीन-चार शब्द आजही हॉस्पिटलांतल्या बिल्ल्यांवर दिसतात. तेच शब्द वापर. ‘आय’ की इंग्रजीतला ‘मी’ (म्हणजे आपलं ‘मला’) असं अडलं तर दुसरं माणूस काढून वाक्य म्हणून बघ. ‘डॉक्टर आस्क्ड मी’ म्हणतेस ना, मग ‘डॉक्टर आस्क्ड सारा अँड मी’. तिथे ‘आय’ घातलं की जास्त शुद्ध होतं असा आपला समज आहे, तो चुकीचा.

आता गंमत अशी की तू हे सगळं घोटून येशील आणि पहिलाच पेशंट म्हणेल, ‘पास अस दॅट ब्लँकेट, लव्ह.’ तो एकटाच असतो. उत्तर इंग्लंडात स्वतः एकट्यासाठीही ‘अस’ म्हणतात. ‘माय मम’ऐवजी ‘मी मम’ ऐकशील. बार्न्सलीकडचे म्हातारे तर अजूनही ‘दी’, ‘था’ म्हणतात, म्हणजे आपलं ‘तू’. त्यात जवळीक आहे, अपमान नाही. ऐकून समजून घे, बोलू मात्र नकोस आणि लिहू तर नकोसच.

एकट्या माणसासाठी ‘दे’ही, म्हणजे अनेकवचनातलं आपलं ‘ते’, येईल. बाई की पुरुष माहीत नसेल तेव्हा इंग्रज कित्येक शतकं असंच बोलत आलेत: ‘समवन लेफ्ट देअर फोन.’ आणि काही माणसं स्वतःसाठी ‘दे’च निवडतात. पेशंटने किंवा सहकाऱ्याने सांगितलं तर तेच वापर, नोंदीतही. चुकलं तर एकदा ‘सॉरी’ म्हणून दुरुस्त कर आणि पुढे जा. ईमेलखाली लोक ‘शी’, ‘हर’ लिहितात तेही याचसाठी. तू लिहिलंस तर तुझाच फायदा, कारण आपल्या नावांवरून इथल्यांना काही कळत नाही आणि ‘डिअर मिस्टर’ अशी पत्रं येत राहतात.

विरामचिन्हांचं थोडक्यात, पण यातला एक भाग जिवाशी निगडित आहे. मोडीत विरामचिन्हं नव्हतीच, शब्दही सलग लिहायचे. मराठीत ही चिन्हं रुजवली ती मेजर थॉमस कँडी यांनी, एकोणिसाव्या शतकात. तेव्हा ही सवय आपल्यालाही उशिराच लागली आहे. वॉर्डात पूर्णविराम कॉमापेक्षा महत्त्वाचा. ‘कॅथेटर रिमूव्हड ॲट सिक्स पास्ड युरिन’ ही नोंद वाच. सहाला कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, काढला, की सहाला लघवी झाली? कॅथेटर काढल्यापासून लघवी होईपर्यंत किती वेळ गेला यावर पुढचा निर्णय ठरतो, आणि एका टिंबाने ते कळलं असतं. छोटी वाक्यं लिही, प्रत्येकाला टिंब दे. मग निम्मे कॉमा लागतच नाहीत.

दुसरं टिंब दशांशाचं. औषधाचं प्रमाण 5 मिलिग्रॅम असेल तर 5.0 लिहायचं नाही, टिंब पुसट झालं की 50 वाचलं जातं. अर्धा मिलिलीटर लिहिताना आधी शून्य हवंच: 0.5. नुसतं .5 कधीही नाही. एक मिलिग्रॅमच्या आतलं मायक्रोग्रॅममध्ये लिहायचं, आणि तो शब्द पूर्ण लिहायचा. इन्शुलिनचा ‘युनिट्स’ही पूर्ण, कारण एकट्या ‘यू’चं शून्य होतं.

ॲपोस्ट्रॉफीची भीती नको. ‘इट्स’ लिहिताना ‘इट इज’ असं मोकळं करून बघ. अर्थ लागला तर चिन्ह दे, नाहीतर नको. ‘युअर’ला ‘यू आर’ म्हणून बघायचं. अनेकवचनाला चिन्ह लागत नाही, दुकानांच्या पाट्यांवर दिसलं तरी. ही चूक झाली म्हणून पेशंटचं काही बिघडत नाही आणि ती इंग्रजांकडूनही होते, त्यामुळे हिच्यासाठी झोप घालवू नकोस.

मेसेजचं मात्र सांभाळ. मी वॉर्ड मॅनेजरना ‘ओके...’ असं पाठवायचे, आपल्याकडे पाठवतो तसं सहज. त्यांनी एकदा बाजूला घेऊन विचारलं, ड्युटी पसंत नाही का? त्या तीन टिंबांत त्यांना नाराजी दिसत होती. तीन प्रश्नचिन्हं एकापुढे एक लावली की राग दिसतो. एकच लाव.

तुझी ओएससीई, म्हणजे नर्सच्या नोंदणीसाठीची प्रात्यक्षिक परीक्षा, होईल त्यातही लिखाण आहे. तोवर रोज ड्युटीवरून आल्यावर एका पेशंटची काल्पनिक नोंद इंग्रजीत सहा ओळींत लिही, खरं नाव न घालता, आणि प्रत्येक ‘ही’, ‘शी’, ‘दे’खाली रेघ मारून कोण ते बोटाने दाखवता येतं का बघ. पहिल्या आठवड्याच्या वह्यांचे फोटो मला पाठव, रविवारी मला सुट्टी असते, मी बघून देते.