बाबा जिन्यात पडले ते लपवलं, आता आई-बाबांना आपल्याकडेच आणायचं का?

तुम्ही लिहिलंय की बाबा ७६ आणि आई ७१, ठाण्यात नौपाड्याला लिफ्ट नसलेल्या जुन्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर दोघंच राहतात, बाबा जिन्यात घसरले ते तुम्हाला आठवड्याने शेजारच्या काकूंकडून कळलं, आणि आता तुम्ही त्यांना खारघरला तुमच्या घरी न्यायचं म्हणताय तर दोघंही ऐकत नाहीत. माझं स्पष्ट मत सांगते, लगेच हलवू नका. पडण्याचं बघालच, पण त्याआधी त्यांनी ते लपवलं का याचा विचार करा.

अहो त्यांना पक्कं माहीत असतं की सांगितलं की काय होणार. "घसरलो" म्हटलं की दुसऱ्या दिवसापासून जांभळी नाक्याची भाजी बंद, तलावपाळीची चक्कर बंद, बँकेत एकट्याने जाणं बंद, वर मुलांची मीटिंग. म्हणजे खरं सांगितल्याची शिक्षाच की ती! मग कोण सांगेल. आणि एकदा त्यांनी सांगणं बंद केलं की तुम्ही त्यांना शेजारच्या खोलीत ठेवलंत तरी तुम्हाला काही कळणार नाही.

माझे आई-बाबा कोपरीत, मी ऐरोलीत. आमच्याकडे ठरलेलं आहे, त्यांनी काहीही सांगितलं तरी त्या दिवशी कुठलीही गोष्ट बंद करायची नाही. आधी विचारायचं कुठे लागलं, मग विचारायचं की तुम्हाला काय वाटतं, कशामुळे झालं. हा दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कशामुळे झालं ते त्यांनाच माहीत असतं. बाबांनीच सांगितलं की रात्री बाथरूमला उठलं की गरगरतं. डॉक्टरांनी झोपवून आणि मग उभं करून दोन्हीवेळा बीपी मोजलं, उभं राहिल्यावर बरंच खाली जात होतं, त्यांनी गोळी बदलून दिली. बीपीच्या, झोपेच्या काही गोळ्यांनी असं होतं, पण स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका, सगळ्या गोळ्या पिशवीत घालून घेऊन जा आणि डॉक्टरांना दाखवा.

जिन्याचं म्हणाल तर चष्मा बघा आधी. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह असेल तर खाली बघताना नजर वाचायच्या काचेतून जाते आणि पायरीची कड धूसर दिसते, फिरायला जाण्यासाठी फक्त लांबचा चष्मा वेगळा करून घेता येतो. मोतीबिंदू तपासून घ्या. सोसायटीला अर्ज करून भिंतीच्या बाजूलाही रेलिंग लावून घ्या, जिन्यात नीट उजेड. पिशवी एका हातात आणि दुसरा हात मोकळा, किंवा भाजी बाबांनी स्वतः निवडून घ्यायची आणि पिशवी बिल्डिंगच्या वॉचमनने वर आणायची, त्याला महिन्याला काहीतरी द्या. भाजी ऑनलाइन मागवून देऊ नका हो. त्यांना भाजी हवी असते हे खरंच पण गवार कोवळी आहे का ते मोडून बघणं, भाजीवालीशी दोन शब्द बोलणं, वाटेत कोणीतरी भेटणं, सगळा दिवस त्याच्यावर उभा असतो, शिवाय तेवढे दोन मजले चढउतार होते म्हणून पायात ताकद टिकते.

घरातली एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आपण जादा किल्ली शेजारी ठेवतो आणि निश्चिंत होतो, पण रात्री आई आतून वरची कडी घालते ना, मग त्या किल्लीचा उपयोग काय? आमच्याकडे आई कडी सोडायला तयार नव्हती, तिचं म्हणणं कडीशिवाय झोप लागत नाही, आणि ते तिच्या जागी बरोबरच आहे. मग तिनेच मार्ग काढला, सेफ्टी डोअरला आतून-बाहेरून किल्लीने उघडणारं चांगलं लॉक बसवलं, आणि मग कडी आपोआप सुटली. बाथरूमला बाहेरून उघडता येणारी कडी आणि कमोडशेजारी धरायला दांडा, तो भिंतीत नीट ड्रिल करून, चिकटवायचा नाही. सकाळी आठपर्यंत दुधाची पिशवी दाराला तशीच दिसली तर शेजारच्यांनी बेल वाजवायची. माझा भाऊ हॉलमध्ये कॅमेरा लावू म्हणत होता, आई म्हणाली मी घरात गाऊनवर असते, कोण बघणार मला? विषय संपला. त्यांनी मागितला तर लावा, नाहीतर नाही.

पैशांचं थोडक्यात. बाबांचे पैसे बाबांकडेच राहू द्या, पासबुक भरायला जातायत तर जाऊ द्या. फक्त बाबांचं आणि तुमचं एक छोटं जॉइंट खातं काढा, त्यात हॉस्पिटलपुरती रक्कम, आणि ते 'आयदर ऑर सर्व्हायवर' असू दे, म्हणजे दोघांपैकी कोणालाही पैसे काढता येतात. 'फॉर्मर ऑर सर्व्हायवर' असेल तर पहिलं नाव बाबांचं म्हटल्यावर ते असेपर्यंत पैसे फक्त त्यांनाच काढता येतात, म्हणजे ते आयसीयूत आणि तुम्ही काउंटरवर हात बांधून. दोघंही सत्तरीपुढचे आहेत तर सरकारचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा, ऑक्टोबर २०२४ पासून ७० आणि त्यापुढच्या सगळ्यांना आहे, उत्पन्नाची अट नाही, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत मोफत उपचार, मात्र जवळचं कोणतं हॉस्पिटल यादीत आहे ते आत्ताच बघून ठेवा. हयातीचा दाखला आता मोबाईलवर चेहरा दाखवून घरबसल्या होतो, पण बाबांना नोव्हेंबरमध्ये बँकेत जाऊन मित्रांना भेटायचं असेल तर भेटू द्या की.

आणि ते 'डिजिटल अरेस्ट'वाले कॉल, पोलीस असल्याचं सांगून अटकेची भीती घालून पैसे उकळतात ते. त्यातही हीच लपवण्याची गोष्ट आहे, फसवणारा पहिलं वाक्यच टाकतो की घरात कोणाला सांगायचं नाही. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत हे त्यांना सांगा, १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर फोनशेजारी लिहून ठेवा, पण त्याहून जास्त हे सांगा की पैसे गेले तरी आम्ही ओरडणार नाही, लगेच फोन करा. कारण तक्रार जितक्या लवकर जाते तितकी रक्कम गोठवली जायची शक्यता जास्त. ओरडा बसेल या भीतीने दोन दिवस गेले की संपलं.

आता याचा अर्थ सगळंच त्यांच्यावर सोडायचं असा नाही. गॅस परत परत चालू राहतोय, एकच गोळी दोनदा घेतली जातेय, रोजच्या रस्त्यावर चुकायला होतंय, असं दिसलं तर थांबू नका, डॉक्टरकडे न्या. बी१२, थायरॉईड, नैराश्य, कमी ऐकू येणं, यानेही विसरल्यासारखं होतं आणि त्यावर इलाज आहे, त्यामुळे घाबरून लगेच डिमेन्शिया समजू नका. पण खरंच निर्णय घेणं जमेनासं झालं असेल तर तिथे तुम्हाला पुढे व्हावंच लागेल, आणि तेव्हा त्यांना काय आवडेल हे माहीत असायला हवं, म्हणून ते आत्ता विचारा. कोणतं हॉस्पिटल, घरी कोण बाई चालेल, मृत्युपत्र केलंय का. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण केलेलं बरं. आमच्याकडे हा विषय बाबांनीच काढला, कारण त्यांना दिसलं की आम्ही विचारतोय, ठरवत नाहीयोत.

खारघरचं म्हणाल तर या पावसाळ्यात जिना ओला असतो म्हणून राहायला बोलवा, पाहुणे म्हणून नाही, त्यांची वेगळी खोली, आईला स्वयंपाकघरात तिचा ओटा, आणि नौपाड्याची किल्ली त्यांच्याच खिशात. तुमच्या सेक्टरमध्ये ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा कुठे भरतो ते आधी बघून ठेवा, पहिल्यांदा तुम्ही सोबत जा. गणपतीच्या आधी त्यांना परत जायचं असेल तर स्वतः गाडीने सोडून या. तोपर्यंत नौपाड्याचं घर भाड्याने देणं, विकणं, रिडेव्हलपमेंटच्या कागदांवर त्यांच्या वतीने बोलणं, यातलं काहीच करू नका.