दोन बॅच जॉब एकाच डीबी२ (मेनफ्रेमवरचा डेटाबेस) टेबलवर आले की एक -९११ ने (लॉक न मिळाल्याने रोलबॅक, म्हणजे केलेले बदल रद्द) पडतो. शेड्यूलरमध्ये एकामागे एक लावले तर चालेल का?

चालेल. पुढे बॅच विंडो (बॅच जॉबना मिळणारा वेळ) पुरेना झाली की माझं नाव घेऊ नका.

याच मुद्द्यावर आमच्या एका सीनियरशी माझं कायमचं वाजलंय. महिनाअखेरीला व्याजाचा जॉब टाइमआउटने (लॉकची वाट बघण्याची मुदत संपून) पडायचा. ऑपरेटरने रीस्टार्ट केला की बिनबोभाट पार. म्हणून सगळे त्या जॉबच्याच मागे. साहेबांचं म्हणणं, टाइमआउट वाढवून घ्या, नाहीतर डिपेंडन्सी (एक संपल्यावरच दुसरा) लावा. अहो, तो आकडा अख्ख्या डीबी२ सबसिस्टिमचा, सीआयसीएसवरचे (ऑनलाइन व्यवहार करणारे) लोकही तेवढेच ताटकळणार! डीबी२ च्या मास्टर जॉबचा लॉग उघडून बघायला मात्र कोणी तयार नाही. मी उघडला. डीएसएनटी३७६आय मेसेजमध्ये पडलेल्याचं नाव असतं तसं लॉक धरून बसलेल्याचंही असतं. बॅचमध्ये त्यातला कोरिलेशन आयडी म्हणजे जॉबचंच नाव. निघाला भलताच जॉब, खात्यांचे फ्लॅग बदलणारा, खुद्द साहेबांनी लिहिलेला. फाइल संपेपर्यंत एकही कमिट (बदल पक्के करून लॉक सोडणं) नाही. वर लॉक एस्कलेशन (खूप छोट्या लॉकऐवजी एकच मोठा लॉक) होऊन पूर्ण टेबलस्पेस त्याच्या ताब्यात.

यावर साहेब म्हणाले, "मधे कमिट केला तर रीस्टार्ट कुठून करणार?" रीस्टार्ट टेबल मग कशाला असतं? शेवटी उरकलेल्या रेकॉर्डची की त्यात लिहायची, त्याच कमिटमध्ये. कर्सर (एकेक रो वाचत जाणारा) विथ होल्ड ठेवायचा, नाहीतर कमिटला बंद होतो. आउटपुट फाइल असेल तर ती वेगळी सांभाळायची, कारण रोलबॅक डीबी२ चा होतो, फाइलचा नाही. काम वाढतं, मान्य. ते टाळायचं म्हणून दुसऱ्याचा जॉब पाडायचा?

तुम्ही आधी -९११ सोबतचा रीझन कोड बघा. शेवटी ८ई असेल तर टाइमआउट, म्हणजे वरचंच सगळं. ८८ असेल तर डेडलॉक (दोघे एकमेकांच्या लॉकसाठी अडलेले); मग दोन्ही प्रोग्रॅम टेबलं आणि रो एकाच क्रमाने घेतात का ते तपासा, आणि कमिट तिथेही लवकर हवाच. वाचणाऱ्या जॉबला विथ यूआर (कमिट न झालेला डेटाही वाचणं) लावा असं कोणीतरी सुचवेलच. रकमा जुळवायच्या असतील तिथे अजिबात नको.

हां, टक्कर रीऑर्ग किंवा लोडशी, म्हणजे टेबलचा डेटा नीट लावणाऱ्या वा भरणाऱ्या युटिलिटीशी असेल (बहुधा -९०४, रिसोर्स उपलब्ध नाही, असं दिसेल), तर डिपेंडन्सी लावणंच बरोबर. आमच्या साहेबांनी हाच अपवाद दाखवून वाद जिंकल्याचं जाहीर केलं होतं.